२६ नोव्हेंबरची स्मरणसभा : नावांची यादी, मौन, पणत्या आणि फलक

मुळाक्षर (धागाकर्ता) | ३ नोव्हेंबर, रात्री ९:४०

२६/११ च्या हल्ल्यात गेलेल्यांसाठी सोसायट्या, शाळा, वाचनालये दरवर्षी संध्याकाळी सभा घेतात. बहुतेक ठिकाणी चार-पाच अधिकाऱ्यांची नावे घेतली जातात आणि पुढे ‘इतर निरपराध नागरिक’ एवढ्यावर आटोपते. त्या तीन शब्दांत जवळजवळ दीडशे माणसे असतात. म्हणून या धाग्यात एवढेच बघू : सगळी १६६ नावे, बरोबर उच्चारात, न अडखळता वाचायची तर तयारी कशी करायची. जोडीला मौन, दिवे, झेंडा, फलक वगैरे ज्यांना जे ठाऊक आहे त्यांनी भर घालावी.

आधी आकडा. फलकांवर आणि पत्रिकांवर १६४, १६६, १७२, १७५ असे वेगवेगळे आकडे सापडतात. १७५ मध्ये मारले गेलेले ९ हल्लेखोरही मोजलेले असतात. ते वगळले की १६६ उरतात, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालातही हाच आकडा आहे. तोच धरा. पहिल्या आठवड्यातल्या वर्तमानपत्री याद्या वापरू नका. तेव्हा ओळख पटवणे चालू होते, आणि रुग्णालयांतले काही जखमी नंतर दगावले. खटल्याच्या कागदपत्रांतल्या याद्यांवरून सुरुवात करा.

मग स्थळे. सीएसएमटी, लिओपोल्ड, ताज, ओबेरॉय-ट्रायडंट, नरिमन हाउस आणि कामा रुग्णालयाजवळची गल्ली सगळ्यांच्या लक्षात असते. हमखास सुटतात ते टॅक्सींत ठेवलेल्या बॉम्बचे बळी, एक स्फोट विलेपार्ल्याला आणि एक माझगावला. ‘कुबेर’ या मासेमारी नौकेवर समुद्रातच मारले गेलेले तांडेल आणि खलाशीही सुटतात. मुंबईचा पहिला घाव त्यांनी सोसला. यादी पुरी झाली की ही तीन ठिकाणे आहेत का, एवढे आधी तपासा.

वाचनाचा हिशोब असा : एका नावाला विरामासकट ६ सेकंद धरले तर ९९६ सेकंद होतात, म्हणजे साडेसोळा मिनिटे. ४ सेकंदांत घाई होते आणि हजेरी घेतल्यासारखे वाटते. दोन वाचक घ्या, एक बाई आणि एक पुरुष, आळीपाळीने २०-२० नावे. दर पानावर २० नावे, १८ पॉइंट अक्षर, दोन ओळींत भरपूर जागा. आठ पाने भरतात आणि नवव्यावर ६ नावे येतात. पानाच्या तळाशी पुढच्या पानावरचे पहिले नाव फिकट अक्षरात छापा, पान उलटताना आवाज तुटत नाही.

---

पाटीवाला | ३ नोव्हेंबर, रात्री १०:५५

चांगला विषय काढलात. उच्चाराबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

याद्या इंग्रजीतून मराठीत येतात तेव्हा ‘ळ’ आणि ‘ण’ गळतात, ‘त’चा ‘ट’ होतो, ‘द’चा ‘ड’ होतो. ओंबळे यांचे ‘ओंबले’, साळसकरांचे ‘सालस्कर’, कामटे यांचे ‘काम्टे’ छापलेले सर्रास दिसते. उपनिरीक्षक प्रकाश मोरे यांचे आडनाव यंत्राने लिप्यंतर केले की ‘मोर’ होऊ शकते. मेजर संदीप यांचे आडनाव मल्याळममध्ये ‘उण्णिकृष्णन’ आहे, आपल्याकडे ‘उन्नीकृष्णन’ रुळले आहे. वाचताना ‘ण’ उच्चारला तर काही बिघडत नाही.

हुद्द्यांतही घोळ असतो. तुकाराम ओंबळे सहायक पोलीस उपनिरीक्षक होते, पोलिसांच्या बोलीत सहायक फौजदार. त्यांना ‘हवालदार’ किंवा ‘सहायक पोलीस निरीक्षक’ लिहिलेले आढळते, दोन्ही चूक. हवालदार होते ते राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे गजेंद्रसिंह बिश्त, नरिमन हाउसच्या कारवाईत गेले ते. हेमंत करकरे सहपोलीस आयुक्त आणि दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख, अशोक कामटे अपर पोलीस आयुक्त, विजय साळसकर पोलीस निरीक्षक. शशांक शिंदे रेल्वे पोलिसांत निरीक्षक होते आणि सीएसएमटीवरच पडले. त्यांचे नाव मोठ्या तीन नावांच्या मागे राहून जाते, ते राहू देऊ नका. अशोकचक्र या हल्ल्यातल्या सहा जणांना मिळाले : करकरे, कामटे, साळसकर, ओंबळे, उण्णिकृष्णन, बिश्त.

---

निशिगंध | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

पाटीवाला, हुद्द्यांची माहिती उपयोगी आहे. पण एक प्रश्न : नावांचा क्रम कसा लावायचा? आधी पोलीस आणि कमांडो, मग नागरिक?

---

मुळाक्षर | ४ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

निशिगंधताई, माझे मत स्पष्ट आहे : सगळ्यांची एकच यादी, हुद्द्याप्रमाणे नाही. वर्दीतल्यांच्या नावापुढे हुद्दा वाचावा, तो त्यांचा मान आहे, पण रांग वेगळी नको. सीएसएमटीच्या फलाटावर पुढच्या गाडीची वाट बघत बसलेला माणूस आणि त्याला वाचवायला धावलेला निरीक्षक एकाच रात्री, एकाच छपराखाली गेले.

अकारविल्हे लावताना आडनावाप्रमाणे लावू नका. मराठी यादीत ती सवय असते, पण सीएसएमटीवरचे कितीतरी प्रवासी उत्तर प्रदेश-बिहारकडे निघालेले होते. त्या भागांत दुसरा शब्द ‘कुमार’, ‘देवी’, ‘खातून’, ‘बेगम’ असा असू शकतो, काहींचे एकच नाव असते. आडनावाप्रमाणे लावले की सगळ्या ‘देवी’ एका ठिकाणी गोळा होतात आणि घरची माणसे पांगतात. पहिल्या नावाप्रमाणे लावा. एकाच घरातली माणसे गेली असतील तर मात्र क्रम मोडून त्यांना लागून ठेवा.

संगणकावर क्रम लावताना एक अडचण येते. ‘ॲ’ दोन तऱ्हांनी टंकता येतो : एक सबंध अक्षर म्हणून, दुसरा ‘अ’वर चंद्र देऊन. ‘ऱ’चेही तसेच. दिसायला दोन्ही सारखेच, पण यंत्राला वेगळे. त्यामुळे एकच नाव दोनदा येते किंवा भलत्या जागी जाऊन बसते. नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागाही असाच गोंधळ करते. क्रम लावून झाला की छापील कागदावर पट्टी ठेवून एकेक ओळ मोजा. १६६ च भरले पाहिजेत.

---

वाकड्या वळणाचा | ४ नोव्हेंबर, दुपारी १:१५

साडेसोळा मिनिटे नुसती नावे ऐकायला लोक थांबतील का? मुले चुळबुळतात, ज्येष्ठांना उभे राहवत नाही. महत्त्वाची वीस-पंचवीस नावे वाचून बाकीची पडद्यावर दाखवली तर?

---

घंटानाद | ४ नोव्हेंबर, दुपारी २:४०

वाकड्या वळणाचा, थांबतात, पण बसवले तर. नाववाचन उभ्याने ठेवायचेच नाही. खुर्च्या, सतरंज्या मांडा आणि फक्त मौनाला उभे करा. ज्यांना उभे राहणे जमणार नाही त्यांनी बसूनच राहावे, हे माईकवरून आधीच सांगा. वाचनापूर्वी भाषण मात्र नको. वीस मिनिटांच्या भाषणानंतर नावे सुरू झाली की लोक थकलेले असतात, आणि दोष नावांच्या माथी येतो. स्वागत दोन मिनिटे, मग थेट नावे.

पडद्याबद्दल म्हणाल तर नाव वाचले जात असतानाच तेच नाव पडद्यावर येऊ द्या. काळ्यावर पांढरे, एका वेळी एकच. वीस-वीस नावांचा ढीग दाखवला तर लोक वाचत बसतात आणि ऐकत नाहीत.

आता मौन. दोन मिनिटांचे जाहीर होते आणि सूत्रसंचालक चाळीस-पंचेचाळीस सेकंदांत ‘धन्यवाद’ म्हणून मोकळा होतो. शांततेत वेळ लांब वाटतो म्हणून हे घडते. उपाय साधा : माईकवर नसलेल्या एका माणसाच्या हातात थांबघड्याळ द्या, सुरुवात आणि शेवट घंटेने करा. ३० जानेवारीला सरकारी पद्धत अशी असते : १०:५९ ते ११:०० भोंगा, दोन मिनिटे मौन, मग ११:०२ ते ११:०३ पुन्हा भोंगा. म्हणजे लोकांना थांबायला एक मिनिट आधी मिळते. आपल्याकडे भोंगा नसतो, पण शाळेची पितळी घंटा असते. मौनाच्या मिनिटभर आधी तीन टोले, लोक उठून स्थिर होतात. मग एक टोला म्हणजे आरंभ, एक टोला म्हणजे शेवट. शेवटचा नाद पूर्ण विरेपर्यंत कुणी बोलायचे नाही.

मौन चालू असताना माईक बंद, ध्वनियंत्रणेचा मुख्य आवाज शून्यावर. घुर्र आवाज राहिला तर मौन राहत नाही. मागे बासरी-सनई लावू नये. पंखे आणि जनित्र यांचाही विचार आधी करा.

वेळेचे गणितही सांगतो. हल्ला रात्री साडेनऊच्या आसपास सुरू झाला म्हणून काहीजण त्याच वेळेला मौन ठेवतात. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असते. साडेनऊचे मौन ठेवायचे तर नाववाचन ९:०५ ला सुरू करा, ९:२२ ला संपते, आठ मिनिटे हाताशी राहतात. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून आठवडाभर आधी घ्या. त्या दिवशी ठाण्यातली माणसे स्वतःच बंदोबस्तात आणि मानवंदनेत असतात.

---

कापूरवाती | ४ नोव्हेंबर, रात्री ८:३०

दिव्यांबद्दल. १६६ पणत्या लावायच्या असतील तर मेणबत्त्यांपेक्षा मातीच्या पणत्या बऱ्या. मेण फरशीवर ओघळते आणि वाऱ्यात मेणबत्ती लवकर विझते.

कोरी पणती तेल पिते. आदल्या रात्री बादलीत भिजत घाला, सकाळी काढून उपड्या ठेवा, संध्याकाळपर्यंत पूर्ण वाळू द्या. ओलसर पणतीत तेल घातले की वात तडतडते. लहान पणतीत १५ मिली तेल बसते, १६६ पणत्यांना अडीच लिटर लागते, सांडलवंड धरून ३ लिटर आणा. तेलाला लांब वळलेली वात हवी. फुलवात तुपासाठी असते, तेलात ती आडवी पडते आणि बुडते. वाती दोनशे घ्या, आणि दुपारीच तेलात भिजवून ठेवा म्हणजे पहिल्याच स्पर्शात पेटतात.

एक माणूस मिनिटाला सुमारे दहा दिवे लावतो. चौघे असतील तर चार-सव्वाचार मिनिटे. काडेपेटी वापरू नका, वाऱ्यात काड्या संपतात आणि बोटे भाजतात. चौघांच्याही हातात एकेक लांब मेणबत्ती द्या. ओढण्या, पदर खोचून घ्या, वाळूची एक बादली बाजूला ठेवा.

चौपाटी, गच्ची, नदीकाठ असा उघडा वारा असेल तर काचेचे पेले घ्या, तळाला दोन बोटे वाळू, त्यात पणती. थेट दगडावर पणत्या ठेवू नका. कोटा आणि संगमरवर तेल शोषतात आणि काळपट गोल डाग कायमचे राहतात. पत्र्याच्या परातीत वाळू पसरून त्यात मांडा.

डाग पडलाच तर : मेण आधी कडक होऊ द्या, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, उरलेल्यावर टिपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा. सुरी नको, ओरखडे पडतात. तेलावर मुलतानी मातीचा घट्ट लेप द्या, प्लास्टिकने झाका, चोवीस तासांनी काढा, गरज पडली तर पुन्हा द्या. लिंबू, व्हिनेगर किंवा फरशीचे ॲसिड संगमरवराला लावू नका. डाग जाईल की नाही सांगता येत नाही, दगडाची झिलई मात्र नक्की जाते.

आणि कृपया दिव्यांनी ‘२६/११’ असा आकडा किंवा ताजचा घुमट काढू नका. सरळ ओळी मांडा. एक नाव, एक दिवा.

---

अनुस्वार | ५ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

कापूरवाती, दिवे नावासरशी लावले तर? म्हणजे वाचक नाव घेतो आणि एक मूल एक दिवा लावते.

---

कापूरवाती | ५ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

अनुस्वार, सुंदर दिसते, पण ६ सेकंदांत मूल वाकून दिवा लावून बाजूला होऊ शकत नाही. वाचक थांबतो, लय तुटते, दहाव्या नावापासून दिवे मागे पडतात. करायचेच असेल तर वीस नावांचे एक पान वाचून झाले की अर्धा मिनिट विराम आणि चौघांनी मिळून वीस दिवे. आठ विराम, म्हणजे चार मिनिटे वाढतात. शेवटच्या सहा दिव्यांना वेगळा विराम लागत नाही, मौनाआधी लावून होतात.

---

सांजवेळ | ५ नोव्हेंबर, सकाळी ११:३५

नावाआधी ‘कै.’ लावायचे का? आमच्या पत्रिकेच्या मसुद्यात सगळ्यांच्या नावाआधी ‘कै.’ आहे.

---

मुळाक्षर | ५ नोव्हेंबर, दुपारी १२:२०

काढून टाका. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी. या यादीत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, ज्यू आहेत. मराठीत ‘पैगंबरवासी’, ‘ख्रिस्तवासी’ हे शब्द आहेत, पण प्रत्येकाचा धर्म नावावरून ओळखून उपाधी लावत बसणे चुकीचे आणि धोक्याचेही. नावाआधी काहीच नको. वर एकदा ‘दिवंगत’ लिहा, ते सगळ्यांना चालते. ‘शहीद’ की ‘हुतात्मा’ यावर वाद होतो. कर्तव्यावर गेलेल्यांसाठी ‘हुतात्मा’ हा मराठीतला जुना, रुळलेला शब्द आहे, तोच घ्यावा.

तेच फोटोच्या बाबतीत. सगळ्यांचे फोटो मिळत नाहीत. ज्यांचे मिळतात त्यांचेच लावले की उरलेले पुन्हा ‘इतर’ होतात. नातेवाइकांना न विचारता छायाचित्र लावणेही योग्य नाही. नावे पुरेशी आहेत. जळत्या घुमटाचे, रक्ताच्या फलाटाचे चित्र तर अजिबात नको, आणि हल्लेखोरांची नावे किंवा चेहरे त्या संध्याकाळी कुठेही येऊ देऊ नका.

---

ध्वजस्तंभ | ५ नोव्हेंबर, रात्री ९:००

झेंड्याबद्दल चार गोष्टी, कारण चांगल्या हेतूने चुका होतात.

सोसायटीने किंवा मंडळाने आपल्या निर्णयाने तिरंगा अर्ध्यावर उतरवायचा नसतो. तो सरकारी आदेशानेच उतरतो. आदेश असेल तर आधी पूर्ण वरपर्यंत चढवायचा, मग अर्ध्यावर आणायचा. उतरवताना पुन्हा एकदा वरपर्यंत नेऊन मगच खाली.

फलकाचे अनावरण तिरंगा झाकून करू नये. ध्वजसंहितेत पुतळा, स्मारक किंवा वक्त्याचे मेज झाकायला ध्वज वापरण्याची मनाई आहे. पांढरे किंवा भगवे साधे कापड घ्या. फोटोच्या मेजावर तिरंगा अंथरणे, पुष्पचक्राला तिरंग्याची झालर लावणे, ध्वजावर नावे लिहिणे, हेही नको. पार्थिवावर ध्वज घालण्याचा मान फक्त शासकीय, सैनिकी आणि केंद्रीय निमलष्करी अंत्यविधींचा आहे.

दुसरे, २६ नोव्हेंबर हाच संविधान दिनही आहे. शाळांत सकाळी उद्देशिकेचे वाचन असते. दोन्ही एकाच परिपाठात घ्यायचे तर आधी उद्देशिका, मग दोन वाक्यांत प्रस्तावना, मग मौन, शेवटी राष्ट्रगीत. उलट क्रमाने केले तर मौनानंतर लगेच मोठ्याने सामूहिक वाचन येते आणि मुलांना काय चालले आहे ते उमगत नाही. पहिली ते चौथीला एक मिनिटाचे मौन पुरे.

---

एडिसनकर | ६ नोव्हेंबर, पहाटे ४:१५

अमेरिकेतल्या मराठी मंडळांसाठी भर. भारतातली रात्रीची ९:३० म्हणजे इथे पूर्व किनाऱ्यावर त्याच दिवशी सकाळचे ११. नोव्हेंबरअखेर घड्याळे मागे गेलेली असतात, म्हणून फरक साडेदहा तासांचा. २६ तारीख नेहमी थँक्सगिव्हिंगच्या आसपास येते, कधी त्याच दिवशीही. वाचनालये, शाळांची सभागृहे त्या दिवसांत बंद असतात. सभागृह ऑक्टोबरमध्येच ठरवा, नाहीतर आधीचा रविवार धरा.

नावे लागून ठेवण्याबद्दल मुळाक्षर यांनी लिहिले आहे. न्यूयॉर्कच्या ९/११ स्मारकावर तेच केले आहे. तिथे २,९८३ नावे कांस्यपट्टांवर आरपार कापलेली आहेत आणि क्रम अकारविल्हे नाही. एकत्र काम करणारे, एकाच विमानातले, एकमेकांचे आप्त असे शेजारी आहेत. ज्याचा वाढदिवस असेल त्याच्या नावात पांढरा गुलाब खोचतात. यादीत जन्मतारखा मिळाल्या तर हे कुठेही करता येईल.

---

पाटीवाला | ६ नोव्हेंबर, सकाळी १०:४५

कायमचा फलक करायचा असेल त्यांच्यासाठी मापे देतो.

१६६ नावे चार रकान्यांत घेतली तर ४२ ओळी होतात, १६८ जागा. उरलेल्या दोन जागा शेवटच्या रकान्याच्या तळाशी मोकळ्या सोडा, तिथे देणगीदाराचे नाव घालू नका. दीड मीटरवरून वाचायला अक्षराची उंची १५ मिमी हवी, ओळीतले अंतर २८ मिमी. म्हणजे नावांची उंची ११७६ मिमी. वर मथळ्याला २० सेंमी आणि खाली समास १२ सेंमी धरला की दगड दीड मीटर उंच होतो.

एकच दगड घेऊ नका. १.८ बाय १.५ मीटर, २० मिमी जाडीचा ग्रॅनाइट जवळजवळ १४६ किलो भरतो. उचलताना कोपरा गेला की १६६ नावे पुन्हा कोरायची. ४५ सेंमी रुंदीचे चार दगड घ्या, प्रत्येकी साडेछत्तीस किलो, दोन माणसे सहज उचलतात. चूक निघाली तर एकच बदलावा लागतो. दगडांत ६ मिमी फट सोडा.

तळ जमिनीपासून ४५ सेंमीवर ठेवा. खाली आणला की पावसाळ्यात चिखलाचे शिंतोडे शेवटच्या दहा ओळींवर बसतात. त्यापेक्षा वर नेला तर खुर्चीत बसलेल्या आईचा हात आणखी कमी ओळींना पोचतो. लोक नावाला हात लावतात, हे धरूनच उंची ठरवा.

आरशासारखी झिलई नको. तिच्यात झाडे आणि आकाश दिसतात, नावे दिसत नाहीत. मॅट घासलेला काळा ग्रॅनाइट घ्या, अक्षरे २ ते ३ मिमी खोल, त्यांत पांढुरका रंग. सोनेरी रंग उन्हात लवकर मळतो. पितळी अक्षरे मुंबईच्या खाऱ्या हवेत हिरवी पडतात आणि चोरीलाही जातात. दगड धरायला लोखंडी पट्ट्या वापरू नका. गंज फुगतो आणि दगड आतून तडकवतो. ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील मागा आणि बिलावर तो आकडा लिहून घ्या.

आता देवनागरीचे. वाळूच्या फवाऱ्याने कोरताना रबरी पट्टीतून अक्षर कापतात. १२ मिमीपेक्षा लहान अक्षरात ‘श्र’, ‘ष्ट्र’, ‘क्ष’ यांच्या आतल्या बारीक जागा निघून येतात आणि अक्षर भरून जाते. मध्यम जाडीचा, मोकळ्या पोटाचा टंक निवडा. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकातली फाइल बदलून घेताना पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर सरकते आणि रफार उडतो. ‘शर्मा’चा ‘शमा’ झालेला फलक बदलता येत नाही. मजकूर युनिकोडमध्ये पक्का करा, मग अक्षरांचे आकारात रूपांतर करूनच पाथरवटाला फाइल द्या.

कोरण्याआधी मूळ मापात बटर पेपरवर छपाई घ्या आणि भिंतीवर चिकटवा. तीन वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या दिवशी वाचावे. एकाने शेवटून सुरुवातीकडे वाचावे, म्हणजे डोळा सवयीने पुढे पळत नाही. पाथरवटाची सही आणि तुमची सही त्याच कागदावर हवी.

---

निशिगंध | ६ नोव्हेंबर, दुपारी ४:३०

फलकावर स्थानकाचे नाव काय लिहावे? २००८ मध्ये ते छत्रपती शिवाजी टर्मिनस होते.

---

पाटीवाला | ६ नोव्हेंबर, सायंकाळी ६:१०

आजचे नाव लिहा, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. २०१७ मध्ये ‘महाराज’ जोडले गेले. वाचणारा आजचा आणि पुढचा आहे. छापील पुस्तिकेत एका ओळीत जुने नाव देता येईल, दगडावर कंस नको.

---

हळदुली | ६ नोव्हेंबर, रात्री ९:५०

कुटुंबीयांना बोलवायचे असेल तर दोन-तीन गोष्टी मनापासून सांगायच्या आहेत.

पत्र किंवा फोन एकदाच, महिनाभर आधी. उत्तर आले नाही तर पुन्हा विचारू नका. आले तर जागा कुठे हवी ते त्यांना ठरवू द्या, पहिल्या रांगेचा आग्रह नको. काहींना मागे, दाराजवळ बसायचे असते. व्यासपीठावर बोलवून ‘दोन शब्द’ मागू नका. आणि शाल-श्रीफळ देऊ नका. सत्काराची आपली पद्धत आहे, हात आपोआप पुढे जातो, पण ही सत्काराची वेळ नाही. त्यांच्या माणसाचे नाव कसे उच्चारायचे हे त्यांना विचारणे, आणि तसेच उच्चारणे, त्यांना जास्त मोलाचे वाटते.

टाळ्या वाजणार नाहीत अशी सूचना सुरुवातीलाच द्या. नाहीतर ओंबळे यांचे नाव आले की टाळ्या पडतात आणि पुढची पाच नावे त्यात बुडतात.

नरिमन हाउसमधल्यांची नावे वाचणार असाल तर गॅव्रिएल आणि रिव्का होल्ट्झबर्ग हे पती-पत्नी, नावे लागोपाठ घ्या. ज्यू परंपरेत पुण्यतिथी हिब्रू पंचांगाने येते, म्हणून त्यांच्याकडची प्रार्थना २६ तारखेलाच असेल असे नाही. स्मृतीसाठी तिथे दिवा चोवीस तास तेवत ठेवतात आणि फुलांऐवजी लहान दगड ठेवण्याची रीत आहे. कुणी दगड ठेवला तर झाडलोट करताना उचलून टाकू नका.

---

रक्तगट | ७ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

सभेला जोडून रक्तदान ठेवणार असाल तर परवाना असलेल्या रक्तपेढीकडूनच. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. आधीच्या रक्तदानाला पुरुषांना तीन आणि स्त्रियांना चार महिने झालेले हवेत. दिवाळीत शिबिर झाले असेल तर नोव्हेंबरअखेर तेच दाते चालत नाहीत, संख्या कमी भरते. शिबिर सकाळी घ्या, सभा संध्याकाळी.

---

सांजवेळ | ७ नोव्हेंबर, दुपारी १२:५५

‘कै.’ काढले. पुष्पचक्राचे माप कुणी सांगेल का?

---

कापूरवाती | ७ नोव्हेंबर, दुपारी ३:२०

बांबूच्या कामट्यांचे कडे, दोन ते अडीच फूट व्यासाचे. त्यावर पेंढा सुतळीने आवळून बांधतात, मग झेंडू किंवा शेवंती, कडेला निशिगंध. पेंढा सैल बांधला की फुले उभे केल्यावर घसरतात, म्हणून आदल्या दिवशीच्या सांगाड्याला हात लावून बघा. फुले त्याच सकाळी, दादरच्या फूलबाजारात पहाटे गेलात तर ताजी मिळतात. प्लास्टिकचे आवरण नको, आत वाफ धरते आणि शेवंती काळी पडते. तिवई वाऱ्यात पडते, मागच्या पायाला वाळूची पिशवी बांधा. दोघांनी धरून न्यावे, ठेवल्यावर फीत सरळ करावी, एक पाऊल मागे येऊन नमस्कार करावा. वर्दीतली व्यक्ती सॅल्यूट करील, तिला घाई करू नये.

---

मुळाक्षर | ७ नोव्हेंबर, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. तालमीविषयी राहिले होते ते लिहितो.

वाचकांना यादी १५ तारखेपर्यंत हाती द्या. २२ च्या सुमारास पूर्ण तालीम, घड्याळ लावून, त्याच माईकवर. पहिल्या तालमीत वाचक दहा-बारा नावांवर अडखळतोच. ती नावे लाल करू नका, लाल अक्षर दिसले की तो आधीपासूनच कचरतो. त्याऐवजी नावाखाली पेन्सिलीने शब्द फोडून लिहा : उण्णि-कृष्णन, होल्ट्झ-बर्ग. आवाज सपाट ठेवा, एकाही नावावर जोर नको, करकरे यांच्याही नाही. दर चाळीस नावांनंतर पाण्याचा घोट. घसा बसला तर पुढचे पान घ्यायला तिसरा वाचक तालीम करून तयार असावा.

चुकीचे वाचले गेले तर माफी मागत थांबू नका, तेच नाव एकदा बरोबर म्हणा आणि पुढे चला. पाने टाचू नका, सुटी ठेवा, जाड कागदावर, वर क्रमांक घालून. वाचून झालेले पान डावीकडे उपडे. उघड्यावर असाल तर दोन्ही गठ्ठ्यांवर वजन ठेवायला दोन गुळगुळीत दगड जवळ असू द्या.

(अनुस्वार, कापूरवाती यांनी सुचवलेल्या विरामांच्या जागा पानांवर खुणा करून उद्या इथेच टाकतो.)